मानेगावचा पाषाण आणि सृष्टीची पहाट

नाशिक जिल्ह्यात कोठे विहिरीचे काम चालू असले आणि सुरुंग उडाला, की काळ्या कातळाच्या ढिगाऱ्यात मधूनच काहीतरी चमकून जाते. कातळाच्या पोकळीत दडलेले ते स्फटिक असतात. काही दुधासारखे पांढरे, काही काचेसारखे नितळ, क्वचित हिरवट झाक असलेले. मुले त्यांना गारगोट्या म्हणून घरी आणतात आणि खिडकीत मांडून ठेवतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात त्यांचे उत्तमोत्तम नमुने पाहावयास मिळतात. ज्या कातळात ते सापडतात, तो दख्खनचा काळा पत्थर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झाला. त्याच्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्याने पुढे सावकाश हे स्फटिक घडविले.

सहा कोटी वर्षे म्हणजे पुरातनत्वाची परिसीमा, असे आपणास वाटते. परंतु आपल्या शेजारच्या खानदेशात 1843 साली एक असा दगड पडला, की त्यातील स्फटिकांपुढे आपला काळा पत्थर कालपरवाचा ठरावा. त्या दगडाची, आणि असे दगड वाचावयास माणूस कसा शिकला त्याची, ही हकीकत आहे.

तो दिवस होता 29 जून 1843. पावसाळ्याचे तोंड होते. तेव्हाच्या खानदेशातील एदलाबादजवळ, म्हणजे आज ज्याला मुक्ताईनगर म्हणतात त्या जळगाव जिल्ह्यातील गावाच्या परिसरात, मानेगाव येथे आकाशातून पाषाण पडला. त्याची वार्ता आणि त्याचे तुकडे कलकत्त्यास पोहोचले. 1844 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात हेन्री पिडिंग्टन यांनी त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. समुद्रावरील चक्री वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव देणारे ते हेच पिडिंग्टन. दगडाचे जे काही जतन झाले, ते मूठभरच. त्याचे लहान लहान अंश पुढे निरनिराळ्या संग्रहालयांत गेले, आणि त्या कणांमुळे खानदेशातील एका खेड्याचे नाव जगातील अशनींच्या यादीत कायमचे लिहिले गेले. आकाशातून जमिनीवर पोहोचलेल्या अशा दगडाला मराठीत अशनी म्हणतात. वाटेत जळताना आपणांस क्षणभर दिसते ती उल्का.

आज आपण ‘आकाशातून दगड पडला’ हे वाक्य सहज उच्चारतो. परंतु मानेगावच्या आधी जेमतेम अर्धशतकापर्यंत ते उच्चारणाऱ्यास विद्वान हसत असत. 13 सप्टेंबर 1768 रोजी फ्रान्समधील ल्यूसे या गावी शेतात काम करणाऱ्या लोकांदेखत एक दगड पडला. बाशले नावाच्या एका धर्मगुरूने तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे धाडला. अकादमीने नेमलेल्या समितीत आधुनिक रसायनशास्त्राचा जनक लाव्वाझिए होता. समितीने दगडाचे पृथक्करण केले आणि निर्णय दिला, की हा जमिनीवरीलच दगड असून त्यावर वीज पडली असावी. शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले समितीला पटले नाही.

16 जून 1794 रोजी इटलीतील सिएना शहराजवळ दगडांचा वर्षाव झाला. तेथे आंब्रोजो सोल्दानी नावाच्या कामाल्दोली संघाच्या मठवासी धर्मगुरूंनी साक्षीदारांच्या जबान्या जमविल्या, दगडांचे वर्णन लिहिले आणि ग्रंथ प्रसिद्ध केला. दगड ढगांतच तयार झाले असावेत, असा त्यांचा तर्क होता. तो चुकीचा ठरला; परंतु दगड पडले, ही साक्ष त्यांनी खरी मानली आणि लिहून ठेवली. त्याच वर्षी जर्मन विद्वान क्लाड्नी यांनी पुस्तक लिहून असे दगड पृथ्वीबाहेरून येतात, असे निर्भयपणे सांगितले. त्यांची प्रारंभी टिंगलच झाली.

या वादाचा निकाल लावण्यात आपल्या देशातील एका खेड्याचा मोठा वाटा आहे. 19 डिसेंबर 1798 रोजी रात्री काशीजवळ आकाशात अग्निगोल दिसला आणि क्राखुट या गावाच्या परिसरात दगड पडले. तेथील एका पहारेकऱ्याच्या झोपडीचे छप्पर फोडून एक दगड आत आला आणि चोपून केलेल्या मातीच्या जमिनीत काही इंच रुतून बसला. सकाळी पहारेकऱ्याने तो नेऊन साहेबाला दाखविला. त्या दगडांचे नमुने आणि लोकांच्या जबान्या लंडनला पोहोचल्या. तेथे एडवर्ड हॉवर्ड यांनी क्राखुट, सिएना, इंग्लंडमधील वोल्ड कॉटेज आणि बोहेमियातील ताबोर येथील दगडांचे रासायनिक पृथक्करण करून 1802 साली निष्कर्ष मांडला: एकमेकांपासून हजारो मैल दूर पडलेल्या या दगडांची घडण एकसारखी आहे आणि त्या सर्वांतील लोखंडात निकेल आहे. दुसऱ्याच वर्षी, 26 एप्रिल 1803 रोजी, फ्रान्समधील लेग्ल गावी हजारो दगड पडले. तरुण शास्त्रज्ञ बियो गावोगाव हिंडले, शेतकऱ्यांना विचारून आले, आणि मग अकादमीनेही मान तुकविली.

हॉवर्ड यांच्यासाठी त्या दगडांचे बाह्य निरीक्षण काउंट द बूर्नों या फ्रेंच खनिजतज्ज्ञाने केले होते. क्राखुटच्या दगडात त्याला बारीक गोल दाणे दिसले. काही मोहरीएवढे, काही त्याहूनही लहान. पृथ्वीवरील कोणत्याही खडकात असे दाणे त्याने पाहिले नव्हते. अशनींच्या पोटातील ज्या गोलिकांवर आज जगभर संशोधन चालते, त्यांचे पहिले शास्त्रीय वर्णन काशीजवळ पडलेल्या दगडावरून झाले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवी होती. पुढे 1864 साली बर्लिनच्या गुस्टाव्ह रोझे यांनी असे दाणे असलेल्या अशनींना ‘कॉन्ड्राइट’ हे नाव दिले. दाणा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे. त्या गोलिकांना ‘कॉन्ड्रूल’ म्हणतात.

दाणे दिसले, परंतु ते कसे घडले, हे सांगावयास नवे डोळे हवे होते. इंग्लंडमधील हेन्री सॉर्बी यांनी दगड घासून इतका पातळ करण्याची कला साधली, की त्यातून प्रकाश आरपार जावा. असा काप सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवित प्रकाशात ठेवला, की काळाकभिन्न दगड रंगीत काचांच्या खिडकीसारखा उजळतो आणि प्रत्येक स्फटिक वेगळा ओळखू येतो. सॉर्बी यांनी 1877 साली असे मत मांडले, की या गोलिका एके काळी वितळलेले थेंब होते. जणू अग्नीच्या पावसाचे थेंब अधांतरीच गोठून गेले.

याच काळात ब्रिटिश म्युझियममध्ये खनिजांचे जतनाधिकारी असलेले नेव्हिल स्टोरी-मॅस्केलिन हे भारतातून गेलेले दगड तपासत होते. बस्ती येथे 2 डिसेंबर 1852 रोजी पडलेल्या अशनीत त्यांना कॅल्शियम आणि गंधक यांचे एक खनिज सापडले. ते दमट हवेत टिकतच नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्या नावावरून त्यांनी त्याला ओल्डहॅमाइट म्हटले. 1870 च्या सुमारास त्यांनी आपला मानेगावचा दगडही अभ्यासला. त्यात गोलिका नव्हत्या. जवळजवळ संपूर्ण दगड पायरॉक्सीन कुळातील एकाच खनिजाच्या स्फटिकांचा होता. अशा अशनींना पुढे ‘डायोजेनाइट’ हे नाव मिळाले. आकाशातून पडणारे दगड खरोखरच आकाशातील असतात, असे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात म्हणणाऱ्या अपोलोनियाच्या डायोजेनिसचे ते स्मरण आहे.

क्राखुटच्या दगडात गोल दाणे, मानेगावच्या दगडात एकाच जातीच्या स्फटिकांची दाटी. दोन्ही आकाशातून आले, मग घडण अशी निराळी का? या प्रश्नाचे उत्तर मिळावयास आणखी शंभर वर्षे लागली.

स्फटिकाचे एक तत्त्व आपल्या घरांतील स्त्रियांना ठाऊक असते. साखरेचा दाट पाक झटकन थंड केला, तर त्याला बारीक कणी धरते. तोच दोरा सोडून दिवसेंदिवस शांत ठेवला, तर खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात. खनिजांचेही काहीसे असेच आहे. तप्त रस किती वेगाने निवला, हे स्फटिकाच्या आकारावरून आणि घडणीवरून सांगता येते. तो केव्हा निवला, हे सांगण्यासाठी मात्र किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचे घड्याळ लागते. युरेनियमचे रूपांतर ठरावीक गतीने शिशात होते. ते शिसे मोजून क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1956 साली अशनींचे, आणि त्यांच्याबरोबर पृथ्वीचे, वय सुमारे 455 कोटी वर्षे ठरविले.

8 फेब्रुवारी 1969 रोजी मेक्सिकोतील आयेंदे गावी दोन टनांहून अधिक वजनाचे दगड पडले. चंद्रावरून येणाऱ्या दगडांसाठी प्रयोगशाळा नुकत्याच सज्ज झाल्या होत्या; त्यांना हे घबाडच मिळाले. आयेंदेच्या काळ्या दगडात पांढरट ठिपके होते. ते कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम यांनी समृद्ध होते. सूर्याभोवती वायू आणि धूळ यांची जी तप्त चकती फिरत होती, ती निवू लागली तेव्हा हजार अंशांच्या कितीतरी वर, जेथे लोखंडही वायुरूप राहते अशा तापमानात, जी खनिजे सर्वप्रथम घनरूप होतात, त्यांचेच हे ठिपके होते. त्यांचे वय आज 456 कोटी 70 लाख वर्षे मोजले गेले आहे. सूर्यमालेचा जन्मकाळ म्हणून शास्त्रज्ञ हाच आकडा धरतात. कॉन्ड्रूल त्यांच्या पाठोपाठचे. त्यांतील बहुतेक पुढील वीस-तीस लाख वर्षांत घडले. धुळीचे पुंजके अचानक तापून वितळले आणि काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा गोठले. त्यांना तापविणारी शक्ती कोणती, प्रचंड आघातलहरी की लहान ग्रहांच्या टकरी, यावर अजून एकमत नाही. पृथ्वी तेव्हा पुरती बनलीही नव्हती. पृथ्वीवर आजवर सापडलेला सर्वांत जुना स्फटिक ऑस्ट्रेलियातील असून तो 440 कोटी वर्षांचा आहे. आपल्या धरतीने त्यापूर्वीचे सारे वितळवून पुसून टाकले आहे.

आयेंदेच्या त्या पांढऱ्या ठिपक्यांनी आणखी एक गुपित सांगितले. 1976 साली अमेरिकेतील ली, पापानास्तासिऊ आणि वासरबर्ग यांना त्यांत मॅग्नेशियमचे एक समस्थानिक प्रमाणाबाहेर आढळले. ॲल्युमिनियमचे 26 भाराचे एक किरणोत्सर्गी रूप नष्ट झाले, की ते उरते. या रूपाचे अर्धायुष्य अवघे सात लाख वर्षांचे. म्हणजे साधारण सत्तर लाख वर्षांत ते हजारांश उरते, आणि आज जन्मकाळचा एक अणूही शिल्लक नाही. विझलेल्या चुलीतील राख पाहून येथे स्वयंपाक झाला होता असे म्हणावे, तसा हा पुरावा होता. ही चूल जेथे भरपूर पेटली, तेथे लहान ग्रहसुद्धा आतून वितळले असणार, हा तर्क हॅरोल्ड युरी यांनी 1955 सालीच केला होता.

आता मानेगावच्या दगडाकडे परत यावयास हरकत नाही. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात व्हेस्टा नावाचा लघुग्रह आहे. 1807 साली ओल्बर्स यांनी तो शोधला. त्याचा व्यास सुमारे 525 किलोमीटर.  ॲल्युमिनियमच्या त्या उष्णतेने हा गोळा आतून वितळला. जड लोखंड गर्भात उतरले. वर राहिलेल्या रसातून खोलवर पायरॉक्सीनचे स्फटिक सावकाश धरू लागले, तेच डायोजेनाइट. पृष्ठभागावर लाव्हारस वाहिला आणि गोठला. तो गोठलेला लाव्हारस म्हणजे बेसाल्टच, आपल्या काळ्या पत्थराचा दूरचा भाऊबंद. सूर्यमाला काही दशलक्ष वर्षांची असतानाच हे सारे घडून गेले होते. क्राखुटचा दगड ज्या लघुग्रहाचा अंश आहे, तो मात्र असा वितळला नाही. म्हणून त्याच्या गोलिका शाबूत राहिल्या. अकोला जिल्ह्यातील अंदुरा येथे 9 ऑगस्ट 1939 रोजी पडलेल्या, सुमारे 18 किलो वजनाच्या दगडाची गत मधली झाली. तो वितळला नाही, परंतु इतका तापला की गोलिकांच्या कडा पुसट झाल्या. काशी, अंदुरा आणि मानेगाव येथील तीन दगड असे ओळीने मांडले, तर कच्च्या धुळीपासून ग्रहापर्यंतच्या वाटचालीचे तीन टप्पे समोर उभे राहतात.

व्हेस्टाशी हे नाते कसे जुळले? 1970 साली मॅकॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेस्टाच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला, तो अशा अशनींच्या वर्णपटाशी जुळला. 1977 साली मायकेल ड्रेक आणि त्यांचा विद्यार्थी गाय कोन्सोलमान्यो यांनी रासायनिक गणिताने दाखविले, की या दगडांचा मूळ ग्रह व्हेस्टाच असला पाहिजे. 2011 च्या जुलैपासून 2012 च्या सप्टेंबरपर्यंत ‘डॉन’ हे अमेरिकन यान व्हेस्टाभोवती फिरत होते. त्याच्या दक्षिण ध्रुवाशी सुमारे 500 किलोमीटर रुंदीचे आघातविवर आहे, आणि त्या खोल जखमेत डायोजेनाइटसारखेच खनिज उघडे पडलेले आहे, हे यानाने पाहिले. अशा टकरींतून उडालेले तुकडे अंतराळात भटकत राहतात. या कुळातील कित्येक दगडांनी दोन ते चार कोटी वर्षे एकट्याने प्रवास केल्याचे त्यांच्यावरील विश्वकिरणांच्या खुणांवरून समजते. अशाच एका प्रवाशाला शेवटी खानदेशची माती लाभली.

व्हेस्टा वितळण्यास ॲल्युमिनियमच कारण झाले, याचा प्रत्यक्ष पुरावाही आपल्या देशातच मिळाला. 20 जून 1996 रोजी राजस्थानातील पाली जिल्ह्यात पिपलिया कलां येथे व्हेस्टाच्या कुळातील बेसाल्टी अशनी पडला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील श्रीनिवासन, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि नरेंद्र भंडारी यांनी त्याच्या स्फटिकांत त्या विझलेल्या चुलीची राख शोधून काढली आणि 1999 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. वितळून घडलेल्या ग्रहाच्या दगडात तिचा असा पुरावा पूर्वी कोणास मिळाला नव्हता.

वर ज्या कोन्सोलमान्यो यांचे नाव आले, ते पुढे 1989 साली येशूसंघात दाखल झाले आणि ब्रदर गाय म्हणून जगाला परिचित झाले. कास्तेल गांदोल्फो येथील व्हॅटिकन वेधशाळेत अशनींचा मोठा संग्रह आहे. द मोरुआ या फ्रेंच उमरावाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला. ब्रदर गाय यांनी त्याचे जतन केले आणि दगडांना धक्का न लावता त्यांची घनता मोजण्याचे काम वर्षानुवर्षे चालविले. 2015 पासून ते वेधशाळेचे संचालक होते. 2025 च्या सप्टेंबरात ती धुरा येशूसंघाच्या गोवा प्रांताचे फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आली, ही आपणा सर्वांस आनंदाची गोष्ट आहे.

या साऱ्या इतिहासात मला एक धागा सतत दिसतो. क्राखुटचा पहारेकरी, ल्यूसेचे शेतकरी, मानेगावचे गावकरी यांपैकी एकालाही आपल्या हाती काय आले आहे, हे ठाऊक नव्हते. एशियाटिक सोसायटीत वृत्तांत लिहिणाऱ्या पिडिंग्टन यांनाही व्हेस्टाशी त्या दगडाचे नाते माहीत असणे शक्य नव्हते. मॅस्केलिन यांना किरणोत्सर्गाचे घड्याळ ठाऊक नव्हते. प्रत्येकाने आपणास जेवढे कळले तेवढे लिहिले आणि दगड पुढच्या पिढीसाठी राखला. मूठभर राहिले म्हणून तरी वाचता आले. जे फुटून विखुरले, कोणी नेले, कोठे हरवले, त्यातील मजकूर आता कोणासही वाचता येणार नाही.

17 ऑगस्ट 2022 रोजी गुजरातेतील बनासकांठा जिल्ह्यात, दियोदर तालुक्यात, पुन्हा दगड पडले. रांतिला गावी एक तुकडा कडुनिंबाच्या फांदीवर आदळून फुटला. रावेल गावी दुसऱ्याने एका घराच्या ओसरीची फरशी फोडली. तपासणीअंती तो 1852 च्या बस्तीच्या अशनीच्याच दुर्मीळ जातीचा निघाला. 170 वर्षांत भारतात अशी ही दुसरीच नोंद. गावकऱ्यांनी तुकडे गोळा करून ठेवले, म्हणूनच ती होऊ शकली.

उद्या असा दगड निफाडच्या द्राक्षबागेत किंवा सुरगाण्याच्या भातखाचरात पडणार नाही, असे कोणी सांगावे? म्हणून घरातील मुलांना एवढे शिकवून ठेवावे. तो पाण्याने धुऊ नये. त्यातील काही खनिजे पाण्याने बिघडतात. फोडून वाटून घेऊ नये. कोरड्या स्वच्छ कागदात गुंडाळावा; दिवस, वेळ, आवाज आणि दिशा त्याच दिवशी लिहून काढावी; आणि तहसील कचेरीमार्फत तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे पोहोचवावा. खिडकीतल्या गारगोट्या मुलांनी खुशाल ठेवाव्यात. पण एखादा दगड काळ्या पातळ कवचाचा, आकाराच्या मानाने जड आणि आकाशातून आलेला दिसला, तर तो आपल्या घरी ठेवण्याचा नव्हे, हे त्यांना ठाऊक असावे.